कोर्फूतली अर्धी नोट

ग्रीसच्या कोर्फू बेटावर बघायचं काय, तर जुना किल्ला, लिस्टनच्या कमानींखालची कॉफी आणि संत स्पिरिदोनचं चर्च. चर्चमधून बाहेर पडले तर ऊन मी म्हणत होतं. जवळच्याच चौकात नोटांच्या संग्रहालयाची पाटी दिसली. आत गारवा असेल, एवढ्याच आशेनं जिना चढले.

इमारत आयोनियन बँकेची. मी मूळची तासगावची, त्यामुळे ही बँक मनुकांच्या व्यापारासाठी निघाली म्हटल्यावर कान टवकारले. १८३९ साली कोर्फू आणि आसपासची आयोनियन बेटं इंग्रजांच्या ताब्यात होती. झांटे-केफालोनियाच्या बारीक काळ्या मनुका इंग्लंडला जायच्या, पिकवणारा मात्र सावकाराच्या दारात. लंडनच्या भांडवलावर बँक उभी राहिली, नोटा काढायचा हक्कही मिळाला. १८६४ मध्ये बेटं ग्रीसला मिळाली, इंग्रज गेले. बँक राहिली आणि तिचा नोटांचा हक्क थेट १९२० पर्यंत चालला.

एका काचेपुढे मात्र मी खिळलेच. मधोमध कापलेली नोट! १९२२ मध्ये आशिया मायनरमधल्या तुर्कांशी चाललेल्या युद्धापायी ग्रीसची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा अर्थमंत्री प्रोतोपापादाकिस यांनी फर्मान काढलं: नोटा कापा. डावा तुकडा, नॅशनल बँकेचे संस्थापक स्ताव्रोस यांच्या चित्राचा, निम्म्या किमतीला बाजारात चालेल. मुकुटाचा उजवा तुकडा सरकारला द्या, बदल्यात कर्जरोखा घ्या. म्हणजे घरोघर कात्री चालवून सक्तीचं कर्ज! २०१६ च्या नोव्हेंबरात मी रांगेत तीन तास उभी होते, पण निदान कात्री तरी हातात दिली नव्हती. प्रोतोपापादाकिसना त्याच वर्षी गोळ्या घातल्या. नोटांपायी नव्हे, युद्धातल्या पराभवापायी.

पलीकडे महागाईच्या कहरातली, १९४४ ची दहा हजार कोटी ड्रॅक्म्यांची (ड्रॅक्मा म्हणजे ग्रीसचं तेव्हाचं चलन) नोट. अकरा शून्यं मी बोट ठेवून मोजली. त्या नोव्हेंबरात पाच हजार कोटी जुन्या ड्रॅक्म्यांचा एक नवा ड्रॅक्मा ठरला, म्हणजे या नोटेचे आले दोन.

गंमत अशी की हे संग्रहालय १९८१ मध्ये काढलं ते आयोनियन बँकेनंच, चालू धंदा असताना. १९९९ मध्ये तिला आल्फा बँकेनं विकत घेतलं, पुढच्या वर्षी नावही गेलं. आता संग्रहालय आल्फाच चालवते.

खाली उतरून थंडगार त्सित्सिबीरा प्यायले. आलं-लिंबाचं. तेही इंग्रजांनीच मागे ठेवलेलं.