श्वास घ्यायले तं येईन

जानेवारीतली ती सलग तिसरी ढगाळ सकाळ. धान केव्हाच घरात आलं होतं, बांध्यांत लाखोरी उभी होती आणि वरून बारीक पाऊस. आमच्या साकोली तालुक्यातल्या मालगुजारी तलावावर मी उजाडल्यापासून गरी टाकून बसलो होतो. गावातल्या एका बाईचा नवरा नागपूरहून ऑपरेशन करून घरी आला होता. आजाऱ्याला मरळीच्या रश्शानं ताकद येते, ही आमच्याकडची पक्की समजूत. "भाऊ, लहान असली तरी चालन, पन जित्ती पाह्यजे," असं ती आदल्या रात्री सांगून गेली होती, आणि मी शब्द दिला होता.

दहा वाजले तरी दोरी हलली नाही. पावसाळ्यात हीच मरळ पिल्लांचा लाल घोळका राखत असते, तेव्हा समोर काहीही हललं की अंगावर धावते. त्या दिवसांत मी तिला गरी दाखवत नाही. राखणदार गेला की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात, ते मला पाहवत नाही. पण थंडीत तिचं अंग पाण्याइतकंच गार पडतं, खाल्लेलं लवकर पचत नाही, मग ती भक्ष्यामागे कशाला धावेल? मी जिवंत मासोळी लावली, बेडकी लावली, दोनदा जागा बदलली. काही नाही.

काकाजी डोक्यावर पोतं घेऊन पाळीवरून आले. चाळीस वर्षं याच पाण्यात डोंगा चालवलेला माणूस.

"कुठं टाकली रे?"

"देवधानात, काकाजी. मांगच्या हप्त्यात तिथंच भेटली होती." देवधान म्हणजे काठच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारं रानटी भात.

"तवा ऊन होतं. उथळ पानी आंधी थंड होते. तुडुमाकडं जाय, तिथं खोल हाये, वाराबी लागत नाही. अन् लगेच गरी टाकू नोको. पाह्यत बस."

"काय पाहू?"

"खात नसन तं नोको खाऊ. श्वास घ्यायले तं येईन."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, वर येऊन हवा घ्यावीच लागते. पण माहीत असणं वेगळं आणि भर पावसात त्यावर विसंबून बसणं वेगळं. समोर रोहू आणि कटले वर तोंड काढून धापा टाकत होते. तीन दिवस ऊन नाही म्हटल्यावर पाण्यातल्या वनस्पतींनी प्राणवायू तरी किती सोडावा! ते जाळ्यात सहज आले असते, पण मला ते नको होते.

तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दाराशी, पाऊण तास नुसता पाण्याकडे बघत बसलो. पावसाच्या थेंबांत एक बुडबुडा ओळखणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. मग बेशरमच्या झुडपाशी 'चप्' असा आवाज झाला आणि पाण्यावर एक गोल उमटला. पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. दुसऱ्यांदा आवाज आला तो तिथूनच, हातभर अलीकडे. ती जागा सोडत नव्हती.

मासोळी काढून गरीला झिंगा लावला, मेलेलाच. पाणी वाजू न देता गोलाच्या थोडं पलीकडे सोडला आणि बोट-बोट करत अलीकडे आणला. मरळीचा हिसका अख्ख्या मनगटाला कळतो, तसं काही झालंच नाही. फक्त दोरी तिरपी झाली, जणू गवतात अडकली. मी श्वास रोखून हातभर दोरी ढिली सोडली, पाचापर्यंत मोजलं आणि ओढलं.

सव्वा किलोची भरली. ओल्या पोत्यात गुंडाळून नेली, त्या घरी पोचेपर्यंत ती जिवंत होती. बाई म्हणाली, "भाऊ, तुम्हीच कापून द्या." अंगणात बसून मी पोट उघडलं. आत माझा झिंगा तेवढा होता, दुसरं काहीच नव्हतं.