फायटरचं शेपूट आणि देशी बदामाचं पान

"काकू, टेट्रासायक्लिनच्या दोन कॅप्सूल द्या ना, माशाला पाहिजेत."

ठाण्यातल्या आमच्या मेडिकलमध्ये हे मागायला अधूनमधून कुणीतरी येतंच. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मी देत नाही. पण चिठ्ठी असती तरी कॅप्सूल टाकीत फोडा, असं माझ्या तोंडून निघालं नसतं. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका, असं आम्ही पेशंटला बजावतो, कारण दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं. माशापर्यंत पोचतं ते अर्धंमुर्धं, आणि अर्ध्यामुर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. फिल्टरमधल्या अमोनिया खाणाऱ्या चांगल्या जंतूंनाही त्याचा फटका बसू शकतो.

माझ्याकडे पंधरा लिटरच्या टाकीत एक निळा फायटर मासा आहे, कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला. गेल्या हिवाळ्यात त्याच्या शेपटीची कड पांढुरकी झाली आणि चिंधीसारखी विरायला लागली. हा फिन रॉट, म्हणजे पर सडण्याचा रोग. एरोमोनाससारखे जंतू पाण्यात असतातच; पाणी बिघडलं, मासा थंडीने गारठला की ते डोकं वर काढतात. मी आधी एक तृतीयांश पाणी बदललं, मग देशी बदामाचं अर्धं पान धुऊन आत सोडलं. हिरवं नाही, आपोआप गळून वाळलेलं. थायलंडमध्ये फायटर पाळणारे हे पान पूर्वापार वापरतात. त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनांना चिकटतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तोच गुण. जंतूंची वाढही त्याने मंदावते. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं.

रोज रात्री टॉर्च मारून मी शेपूट बघायचे. दहाव्या दिवशी फाटलेल्या कडेला एक पट्टी दिसली, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पारदर्शक, बिनरंगाची. नवा पर फुटत होता! निळा रंग त्यात उतरायला पुढे महिना लागला. श्रेय एकट्या पानाचं नाही, स्वच्छ पाण्याचं निम्मं तरी आहेच.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समज मात्र मला महागात पडला आहे. काही वर्षांपूर्वी कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी गार करून गप्पी माशांच्या टाकीत ओतलं होतं, मापबीप काही नाही. संध्याकाळपर्यंत गप्पी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते. चार मेले. रोज मिलिग्रॅममध्ये बोलणाऱ्या बाईने पाल्याला माप लावलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हळदही अंदाजाने टाकून चालत नाही. लोक चिमूटभर हळद पाण्यात टाकतात, पण तिच्यातलं गुणकारी कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तळाशी बसतं. द्यायचीच तर तेलाच्या थेंबात खलून खाण्याला चोळावी. लसूण ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवावी, ठेचल्यावरच त्यात जंतूंना मारणारं अ‍ॅलिसिन तयार होतं. उकळली की गेलं. पाच दिवस मी अशी लसूण माझ्या गोल्डफिशलाही दिली होती. पण त्याचं पोट आधीच फुगलं होतं, खवले उभे राहून वरून तो सीताफळासारखा दिसत होता. तोवर बहुतेकदा मूत्रपिंडं निकामी झालेली असतात. तो वाचला नाही. खवले उभे राहिले किंवा जखम मांसापर्यंत गेली तर पानं-लसूण करत बसू नका, माशांचं कळणारा व्हेट गाठा. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे तपासून दिलेलं अँटिबायोटिक तिथे हवंच.

परवा आलेल्या मुलाला मी आधी फोनमधला माशाचा फोटो दाखवायला सांगितला. फक्त शेपटीची कड गेली होती, मासा खात होता. काउंटरखालच्या खणात मी बदामाची पानं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. शाळेच्या कुंपणाजवळच्या झाडाची, लाल होऊन गळली की वेचून आणलेली. त्यातलं एक त्याला दिलं.

"पैसे किती, काकू?"

"पैसे नकोत. आज पाणी बदल, आणि पुढच्या रविवारी परत फोटो दाखव."