सणानंतरचा डबा

सोलापुरात खाण्याचा खरा हंगाम दिवाळीत येत नाही. दिवाळीचा फराळ साऱ्या महाराष्ट्रात थोड्याफार फरकाने सारखाच असतो. आमचा स्वतःचा हंगाम मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला सुरू होतो आणि रथसप्तमीपर्यंत मुक्काम हलवत नाही. मध्ये हुरडा असतो, नाताळचा केक आणि एकतीस डिसेंबरची मेजवानी असते, भोगी आणि संक्रांत असते, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, असते आणि घरोघरची हळदीकुंके असतात. ज्याने दसऱ्यानंतर मोठ्या निग्रहाने जेवणाच्या वेळा बांधून घेतल्या, रात्रीचा भात कमी केला आणि चहातली साखर निम्म्यावर आणली, त्याच्या निग्रहाची परीक्षा याच दिवसांत होते. या परीक्षेत नापास होणाऱ्यांचा दोष सहसा सणावर ढकलला जातो. मला मात्र गेली काही वर्षे असे वाटू लागले आहे की सण यात बऱ्याच अंशी निर्दोष आहे.

वेळ अमावास्येचे, म्हणजे आमच्या बोलीतल्या येळवसेचे, ताट पाहा. शेतात कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पांडव मांडून पूजा करायची आणि मग सगळ्या गोतावळ्यासह तिथेच पंगत बसवायची, ही या भागातली जुनी रीत. पानात काय असते? तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि हंगामातल्या मिळतील त्या भाज्या, बेसन लावून एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, गव्हाची खीर आणि ताकातली, ज्वारीच्या पिठाची आंबील. एखाद्या आहारतज्ज्ञाला फी देऊन ताट आखून घेतले असते, तरी डाळी, पालेभाज्या, भरड धान्य आणि आंबवलेले पेय यांचा इतका चांगला मेळ बसला असता की नाही, शंकाच आहे. लोक त्या दिवशी आडवा हात मारून जेवतात हे खरे. पण बांधाबांधाने चालत शेतावर जातात, एकमेकांच्या कोपीला भेटी देत हिंडतात आणि संध्याकाळी घरी परततात तेव्हा पातेली रिकामी असतात. भज्जी दुसऱ्या दिवशी फार तर सकाळपर्यंत टिकते. आंबील त्याहून लवकर आंबते.

हुरड्याचेही तेच. रब्बीच्या ज्वारीचे दाणे पूर्ण भरून कडक होण्याआधी, त्यांतली साखर पिठात रूपांतरित व्हायच्या आत, कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजायची, हातावर चोळायची आणि गरम असतानाच तोंडात टाकायची. थंड झालेला हुरडा वातड होतो आणि त्याची निम्मी गोडी जाते, म्हणून तो कोणी डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवत नाही. सोबत शेंगांची चटणी, दही, गूळ एवढाच सरंजाम. अलीकडे हुरडा पार्टी नावाचा जो व्यवसाय महामार्गांच्या कडेने फोफावला आहे, त्यात हुरड्याच्या आधी भजी आणि नंतर पूर्ण जेवण, जिलेबीसकट, मिळते. ते शेतातल्या हुरड्यापेक्षा लग्नाच्या पंगतीच्या जास्त जवळचे आहे, आणि त्याचा हिशेब हुरड्याच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही.

भोगीच्या दिवशी शहरात सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, होतो. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त यात्रेतले उंच मानाचे सातही नंदीध्वज मिरवत आणतात, आणि घरी आलेल्या पाहुण्यांसाठी भोगीची भाजी रटरटत असते. गाजर, वांगी, घेवडा, पावट्याचे आणि हरभऱ्याचे दाणे, बोरे, शेंगदाणे, तिळाचे कूट. हीदेखील एका दिवसाची भाजी आहे. इथवर मला काळजी करण्यासारखे काही दिसत नाही.

काळजी सुरू होते ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आणि ती सुरू होते स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या स्टीलच्या डब्यापासून.

आमच्याकडे संक्रांतीला शेंगापोळी हवीच. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, सोलून त्यांचे बारीक कूट करायचे, त्यात किसलेला गूळ, थोडे तीळ आणि वेलदोडा घालून तेल सुटेपर्यंत मळायचे, आणि ते सारण कणकेच्या पारीत भरून पोळी कडेपर्यंत पातळ लाटायची. ती सावकाश, खुसखुशीत होईपर्यंत भाजली की तिच्यात पाण्याचा अंश फारसा राहत नाही, आणि म्हणूनच पुरणपोळी दुसऱ्या दिवशी मान टाकते तेव्हा शेंगापोळी आठवडाभर ताठ राहते. आजवर आम्ही हा तिचा गुण मानत आलो. पाहुण्याला बांधून देता येते, पुण्यातल्या लेकीला पाठवता येते, मुलांना शाळेच्या डब्यात घालता येते. पण हाच गुण सणाला दाराबाहेर जाऊ देत नाही. सकाळच्या चहाबरोबर अर्धी, दुपारी पेपर वाचताना पाव, रात्री जेवण झाल्यावर ‘तोंड गोड करायला’ आणखी एक तुकडा. ही पोळी कोणी वाढत नाही, तिच्यासाठी पाट मांडत नाही, नैवेद्यही दाखवत नाही, आणि म्हणून तिची आठवणही राहत नाही. संक्रांतीच्या पंगतीत दोन पोळ्या खाल्ल्या हे माणूस अपराधी चेहऱ्याने डॉक्टरांना सांगतो. पुढच्या दहा दिवसांतल्या कोपऱ्या-कोपऱ्यांचा उल्लेखही करत नाही.

शेंगापोळीच्या शेजारी तिळाच्या वड्यांचा डबा असतो, त्याच्या शेजारी कोणी भेट दिलेल्या मिठाईची पेटी, चिवड्याची पिशवी आणि नाताळातल्या केकचा उरलेला, कडा सुकलेला तुकडा. यंदाची दिवाळी कोणत्या महिन्यात होती हे विसरण्याइतके दिवस झाले तरी शंकरपाळ्यांचा तळ शिल्लक असलेली घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांतले एक आमचे आहे.

या बाबतीत एक अमेरिकन अभ्यास मला फार बोलका वाटतो. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. तिकडच्या सणांच्या काळात, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, १९५ प्रौढांची वजने घेतली, तेव्हा सरासरी वाढ निघाली अवघी ०.३७ किलो. खाणाऱ्यांना स्वतःला मात्र आपण त्याहून कितीतरी अधिक वाढलो असे वाटत होते. म्हणजे मेजवान्यांनी माणूस वाटतो तितका फुगत नाही. खरी गोम पुढे आहे: ती थोडीशी वाढ पुढच्या वर्षभरात उतरली नाही. दर हंगामाला अशी पाव-अर्ध्या किलोची भर पडत गेली आणि ती तशीच राहिली, तर पंचविशीतला कुडता पन्नाशीत का चढत नाही याचा उलगडा होतो. आमच्या आणि त्यांच्या पानातले पदार्थ वेगळे असले, तरी सण संपल्यावर सण चालू ठेवण्याची सवय दोन्हीकडे एकच असावी असा माझा कयास आहे.

यावर कोणी म्हणेल की टिकाऊ पदार्थच वाईट असतील तर सोलापूरची अर्धी खाद्यसंस्कृती मोडीत काढावी लागेल. हा आक्षेप मला मान्य आहे. आमची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, उखळात कुटून तेल सुटलेली शेंगांची चटणीही टिकते, आणि दोन्ही येथून पुण्या-मुंबईच्या घरांपर्यंत जातात. पण कडक भाकरी हा पदार्थ येता-जाता तोंडात टाकण्याचा नाही. ती चावावी लागते, आमटीत किंवा दह्यात कुस्करावी लागते, तिच्यासाठी ताट घेऊन बसावे लागते, आणि एक-दीड भाकरीत पोट भरल्याची जाणीव होते. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम तंतुमय भाग असतो, मैद्यात त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. फरक जिभेला कळत नसला तरी आतड्याला कळतो. टिकाऊपणा हा एकटा दोष नव्हे. टिकणे, गोड असणे आणि काहीही कष्ट न मागता हाताशी असणे हे तिन्ही एकत्र आले की घात होतो. चटणीचा अपवाद करावा की नाही याविषयी माझे मत अजून ठरलेले नाही, कारण ती नुसती, चमच्याने खाणारी माणसे आमच्या घरात आहेत.

आणि या सगळ्यात सर्वांत आधी सुटते ती हीच रोजची भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, मालदांडी या ज्वारीच्या वाणाचे नाव राज्यभर झाले, २०२३ हे साल तर भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. तरीही पाहुणे आले की आमच्या घरांत पहिला निर्णय होतो तो ‘आता भाकरी कुठे थापत बसायची, चपात्या करू’ असा. जास्त पाहुणे आले की चपात्यांच्या जागी पुऱ्या येतात. सणाचा दिवस सोडून उरलेल्या दिवसांत भाकरी, पालेभाजी आणि ताक एवढे जरी जागेवर राहिले, तरी सणाच्या दिवशी हात राखायची गरज पडत नाही असा माझा अनुभव आहे. ज्यांची साखर आधीच वाढलेली आहे त्यांनी अर्थातच माझ्या अनुभवापेक्षा डॉक्टरांचे ऐकावे.

अशी माणसे आता कमी नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज मांडला आहे. कोणत्याही हळदीकुंकवात पाच बायका जमल्या की त्यातली एक तरी ‘मला नको, शुगर आहे’ असे म्हणते, आणि दुसरी तिला हमखास समजावते, ‘अहो वहिनी, गुळाचं आहे की, साखरेचं कुठंय!’ या समजुतीने जेवढे नुकसान केले आहे तेवढे जिलेबीनेही केले नसेल. गुळात थोडे लोह आणि इतर क्षार असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच असते, आणि रक्ताला दोहोंत फारसा भेद करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्याने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५ ग्रॅमच्या. वीस ग्रॅमच्या लाडवात निम्मा गूळ धरला, तर अडीच लाडवांत ही दुसरी मर्यादा संपते, आणि हळदीकुंकवाच्या एका संध्याकाळी घरे तर पाच-सहा होतात. तीळ बिचारा उत्तम आहे. त्यात कॅल्शियम भरपूर, स्निग्धांशही चांगला. पूर्वी तो चिमूटभर, हलव्याच्या दोन-चार दाण्यांबरोबर हातावर ठेवला जाई. चिमटीचा लाडू कधी झाला आणि लाडवाबरोबर पावभाजीची डिश कधीपासून येऊ लागली, हे नेमके सांगता येत नाही.

गड्ड्याविषयी मी फारसे लिहिणार नाही. होम मैदानावरच्या भज्यांचा वास ज्याला परतवून लावता येतो त्याच्याशी माझे जमणे कठीण. शिवाय तिथे पाळण्यापासून खेळण्यांच्या दुकानांपर्यंत आणि पुन्हा मंदिरापर्यंत गर्दीतून जी पायपीट होते, ती भज्यांची थोडीफार भरपाई करते. घरून निघताना पोटात अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण असले, की दुसरी प्लेट मागवली जात नाही, एवढे मात्र खात्रीने सांगते.

राहता राहिला आग्रह. सोलापूरचा आग्रह प्रेमळ आणि निर्दय असतो. ‘खावा की ओ ताई, एवढ्यानं काय होतंय,’ असे म्हणत वाढणारी बाई तुमचे उत्तर ऐकण्यासाठी थांबत नाही; वाक्य पुरे होईपर्यंत पोळी पानात पडलेली असते. पानावर आडवा हात धरणे, पोटाची तक्रार सांगणे, उपवास असल्याचे खोटे सांगणे हे सारे उपाय तिला पाठ आहेत. त्यातल्या त्यात सावकाश जेवणे उपयोगी पडते, कारण तिची नजर नेहमी रिकाम्या पानावर असते. आमच्या सासूबाई स्वतः या विद्येतल्या पारंगत, त्यामुळे घरात काही बदल करायचा तर त्यांच्याशी तह करावा लागला. सणाच्या दिवशी त्यांनी हवा तेवढा आग्रह करावा, मी मध्ये बोलायचे नाही. मात्र शेंगापोळ्या पंगतीच्या आणि वानवळ्याच्या हिशेबानेच करायच्या, आणि रात्री फळीवर डबा ठेवायचा नाही, असे आमचे ठरले. पहिल्या वर्षी त्यांनी तह पाळला आणि तरीही एक लहान डबा तांदळाच्या कोठीमागे निघाला. ‘कोणी अवचित आलं तर?’ हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

हळदीकुंकवाला यंदा आम्ही ओल्या हरभऱ्याची उसळ, बाजरीची छोटी धपाटी, ताक, आणि सुपारीएवढा तिळगूळ ठेवला. समोरच्या आक्कांनी ‘भाकरतुकडा खायला बोलावलंस होय गं?’ असे विचारून धपाटी दोनदा वाढून घेतली, आणि जाताना पदराआडून वड्यांचा एक मोठा डबा काढून सासूबाईंच्या हातात दिला. तो कोणाला द्यायचा यावर घरात दोन दिवस चर्चा चालली आहे, कारण ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्याकडे असाच एक डबा आधीपासून आहे.