ऑश्वित्झच्या गेटवर आईचं नाव अडलं (माझा अनुभव)

सगळ्यात आधी हे सांगतो, पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच्या तसं बुकिंगमधे आलंय का ते स्वतःच्या डोळ्यानं बघा, एजंट कितीही "नो प्रॉब्लेम सर" म्हणाला तरी. आमचं तिथंच घोडं अडलं आणि महिना झाला तरी आठवलं की डोकं तापतं.

मी, बायको आणि आई (वय ७३), तिघं एप्रिलमधे पोलंडला क्राकूफमधे तीन दिवस होतो. ऑश्वित्झ, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली नाझींची मृत्युछावणी, आता तिथं मेमोरियल आहे, तिथून साधारण ६५-७० किमी. गावाचं पोलिश नाव ओश्विएंचिम, बसवर तेच असतं, त्यामुळे गोंधळू नका. प्रवेश खरं तर फुकट आहे, पैसे पडतात ते गाईडचे, आणि वेळेचा पास मेमोरियलच्या स्वतःच्या साइटवर मिळतो. पण आमचं नेहमीचं, दहा दिवस आधी जाग आली, तोवर इंग्लिश टूर सगळ्या फुल्ल. म्हणून क्राकूफचा एक एजंट धरला, नाव लिहीत नाही.

त्याला तिघांच्या पासपोर्टचे फोटो व्हॉट्सॅपवर पाठवले. आता आपली नावं कशी असतात, आईच्या पासपोर्टवर गिव्हन नेममधे तिचं नाव आणि पुढं बाबांचं, आडनाव वेगळ्या रकान्यात. या महाशयांनी आडनाव गाळून बाबांचं नावच आडनाव म्हणून टाकलं. मी दोनदा विचारलं, नावं बरोबर आहेत ना, दोन्ही वेळा अंगठा आला. तो पिवळा अंगठा मला आता बघवत नाही.

वर आदल्या रात्री आठला मेसेज, साडेनऊची बस आता पावणेसहाला. म्हणे वेळ बदलू शकते असं अटींमधे लिहिलंय. लिहिलं होतं खरं, मुंगीएवढ्या अक्षरात. आईची बीपीची गोळी नाश्त्यानंतरची, तर पहाटे पाचला हॉटेलच्या खोलीत बसून तिनं कोल्हापूरहून आणलेला चिवडा खाल्ला आणि गोळी घेतली.

गेटवर तिकीट आणि पासपोर्ट दोन्ही बघतात. बायको गेली, मी गेलो, आईला थांबवलं. तिथली बाई शांतपणे एकदा यादीकडे, एकदा पासपोर्टकडे बघत होती, तिची काही चूक नव्हती. मी परत बाहेर आलो आणि एजंटच्या माणसाला जे काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, अर्धं मराठीतच होतं. त्यानं ऑफिसला फोन लावला, ऑफिस अजून उघडायचं होतं. आमचा ग्रुप बायकोसकट आत गेला. थंडी, वारा, आई बाकावर शाल गुंडाळून बसलेली, मी येरझाऱ्या घालतोय. सव्वा तास. शेवटी दुरुस्त यादी आली आणि आम्हाला दुसऱ्या इंग्लिश ग्रुपमधे घेतलं.

त्या सव्वा तासात आई शेजारच्या पोलिश आजींना वळिवड्याचं सांगत होती, हातवारे करून. १९४३ ते ४८ आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहात होते, आईनं लहानपणी घरी ऐकलेलं. आजींना किती कळलं देव जाणे, पण त्यांनी थर्मासमधला चहा दिला.

हो, बॅगेचं राहिलंच. साधारण ए-फोर कागदाएवढीच बॅग आत चालते, चिवड्याची पिशवी बसमधेच ठेवा.

आतलं मी फार लिहिणार नाही. सुमारे ११ लाख माणसं इथं मारली, त्यातले जवळपास १० लाख ज्यू. मारलेल्यांचे कापलेले केस ठेवलेत त्या दालनात फोटो काढू देत नाहीत, काढावासा वाटतही नाही. ब्लॉक ५ मधे काचेमागं इथं आणलेल्या लोकांच्या सुटकेसचा ढीग आहे. कितीतरी सुटकेसवर रंगानं मोठ्या अक्षरात नाव, काहींवर गाव, जन्मतारीख. परत मिळेल म्हणून लिहिलेलं. आई काचेला नाक लावून एकेक वाचत होती. म्हणाली, "किती नीट लिहिलंय बघ रे." मी सकाळपासून नावावरून भांडत होतो, मला काही बोलता येईना.

तिथून बिर्केनाऊ, म्हणजे याच छावणीचा दुसरा मोठा भाग, साडेतीन किमी, शटल बस फुकट. ते अफाट आहे, सावली नाही, आडोसा नाही, वयस्कर माणूस सोबत असेल तर चांगले बूट आणि पाणी हवंच. रुळांच्या कडेनं चालत शेवटपर्यंत गेलो. १९४४ मधे दोनेक महिन्यांत हंगेरीतून चार लाखांवर ज्यू इथं आणले, बहुतेकांना उतरल्या उतरल्या गॅस चेंबरकडं. टोकाला त्या गॅस चेंबरचे पडके अवशेष आहेत, पळण्याआधी एसएसवाल्यांनी (छावणी चालवणारी नाझींची फौज) स्वतःच उडवलेले. आई तिथं पाच मिनिटं चप्पल काढून उभी राहिली, त्या थंडीत, मी काही म्हटलं नाही.

आणि लहान मुलांना आणू नका, १४ वर्षांखाली नको असं मेमोरियलच सांगतं.

एजंटनं परवा माफी म्हणून डिस्काउंट कूपन पाठवलंय. डिअर मिसेस, आणि पुढं बाबांचंच नाव.