अडसर

जुन्या वाड्याचं काम म्हटलं की आमच्यातले निम्मे मिस्त्री अंग काढून घेतात. एक फळी काढली की तीन हलतात, आणि मालकाला वाटतं, नुसतं दार तर बसवायचंय. मला मात्र त्याची खोड आहे. शाळेला साताऱ्याच्या राजवाड्यातच होतो. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव जिथं घातलं गेलं, तीच शाळा. तासाला फळ्याकडे कमी आणि खांबांच्या नक्षीकडे जास्त बघायचो.

हा वाडा साताऱ्यातच, पेठेत आत. छत्रपतींच्या दरबारातल्या एका कारभाऱ्याचा, म्हणजे घर आणि कचेरी एकाच छपराखाली. मोठा दरवाजा, त्यात वाकून एकेकट्यानं यावं एवढीच दिंडी, आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग चौक, आणि समोर चार पायऱ्या चढून तीन खणांची सदर, म्हणजे कचेरीची बैठक. फर्निचर म्हणाल तर जाजम, गादी, लोड-तक्के, संपलं. कुणाची पत किती, हे त्याला कुठवर येऊ दिलं त्यावरून कळायचं. कोण देवडीतनंच परत, कोण चौकात उभा, कोण सदरेवर टेकलेला. देवडीच्या तुळईला पालखी टांगायच्या दोन जाड कड्या अजून आहेत. एकीला नातवाची सायकल लटकते.

दार लागत नव्हतं, एवढीच तक्रार. घरातल्या आजी म्हणाल्या, "मिस्त्री, मी सून म्हणून आले तेव्हापासनं ते उघडंच बघतेय."

दोष सापडायला वेळ लागला नाही. आधीच्या एका ठेकेदारानं देवडीत जुन्या दगडी फरसावर कोबा टाकून वर टाइल्स बसवल्या होत्या. जमीन चार इंच वर आली. दार घासायला लागलं, तर त्यानं फळ्या खालून चार इंच कापल्या! असल्या दाराला बिजागरी नसते. फळीची कडेची उभी पट्टी वर-खाली लांब ठेवतात, तिचं पुढं आलेलं टोक, म्हणजे चूळ, दगडातल्या खळग्यात फिरतं. ती खालची चूळ त्यानं कोब्यात जिवंत गाडली होती.

छिन्नी घेऊन टाइल फोडली. वीतभर खोल गेल्यावर खळगा लागला. चुळीला लोखंडी टोपी होती, गंजून फुगलेली, पण आतलं सागवान ठणठणीत. जॅकवर फळी अर्धा इंच उचलली, खळगा खरवडला, ग्रीस भरलं, फळी परत सोडली. साडेनऊ फूट उंच, तीन इंच जाड दार. माझ्या हाताखालच्या पोरानं एका हातानं ढकललं आणि ते गेलं. नुसतं गेलं, आवाज नाही. खाली कापल्याची फट राहिली, तिला सागाची जोडपट्टी लावली.

दार लागलं, तर अडकवायचं कशानं? चौकटीच्या मागे भिंतीत दोन्हीकडं चौकोनी भोकं. उजवीकडचं हातभर खोल. डावीकडच्यात रद्दी, सिमेंटची पोती, एक प्लास्टिकची बाहुली. सगळं उपसून सळई घातली तर ती कोपरभर जाऊनच टक्क वाजली. लाकूड. बॅटरी मारली, टोकाला कडी दिसली. तेल सोडलं, दोर बांधला, तिघांनी ओढलं. तिसऱ्या हिसक्याला भिंतीच्या पोटातून अख्खा अडसर सरकत बाहेर आला, नऊ-दहा फुटांचा, आणि समोरच्या भोकात जाऊन बसला.

मी देवडीच्या ओट्यावर टेकलो, दम खायला. तिथं बसल्यावर लक्षात आलं की भोक बरोबर माझ्या हाताच्या अंतरावर आहे. पहारेकऱ्याला अडसर ओढायला उठावंसुद्धा लागत नव्हतं. लाकडाची वरची कड एवढ्याच जागी गुळगुळीत झालेली, तळव्याच्या रुंदीची. १८४८ ला सातारचं राज्य खालसा झालं, कचेऱ्या उठल्या, तो ओटाही रिकामा पडला असणार.

आजी सदरेवरून उतरून आल्या. अडसराला हात लावला, म्हणाल्या, "एवढं भिंतीत होतं होय? आणि आम्ही चोराला भिऊन रात्र-रात्र जागायचो." मग दिंडी उघडून, वाकून, बाहेर जाऊन आत आल्या. दोनदा.

संध्याकाळी मालकांनी बिल बघितलं. टाइल फोडायचे वेगळे पैसे कशाला, म्हणून दहा मिनिटं हुज्जत घातली. अडसराचे लावलेच नव्हते, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.