रद्दीतला शनिवार

मंगळवार, रात्र.

रद्दी बांधताना शनिवारचा पेपर हाताला लागला. आतल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि डागाच्या आत रविवारच्या मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची, चौकट. हार्बर, कुर्ला-वाशी, अप-डाऊन दोन्ही. म्हणजे मी वाचलं होतं.

रविवारी दुपारी दोनचा पेपर, सेंटर वाशीला. मी निघाले ते थेट कुर्ल्याला अडकले. पोचेपर्यंत गेट बंद. घरी येऊन नुसतं "मेगाब्लॉक" म्हटलं. आई हळहळली, दादाने चार शिव्या हासडल्या. आणि मला बरं वाटलं. तेच डोक्यातून जात नाहीये. दोन वर्षं वाट पाहिलेली प्रमोशनची परीक्षा बुडाली, आणि मला बरं वाटलं! रविवारी मेगाब्लॉक असतो हे मुंबईत शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

बर्गलास आणि जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८मध्ये एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या काही मुलांना न सुटणारी कोडी दिली आणि तरीही "छान सोडवलीत" म्हणून सांगितलं. मग पुढच्या चाचणीआधी दोन गोळ्या समोर ठेवल्या. एकीने म्हणे डोकं चालतं, दुसरीने मंदावतं. आपल्याला जमलं कसं हेच ज्यांना उमगलं नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांचा कल मंदावणाऱ्या गोळीकडे होता. पुढे जमलं नाही, तर दोष गोळीचा. मुलींमध्ये तसं आढळलं नाही. पण मला ती गोळी फार ओळखीची वाटते.

"हुशार आहे, पण अभ्यास करत नाही." बाबा हे येईल त्या पाहुण्याला सांगायचे, तेही कौतुकाने. मला ते वाक्य बक्षिसासारखं वाटायचं. जीव तोडून अभ्यास केला आणि तरी नापास झाले, तर त्यातलं 'हुशार' कुठे उरतं? शनिवारी रात्री दीडपर्यंत मी मसाल्याचे डबे घासत होते, पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून. बरं वाटलं ते यासाठीच. 'हुशार' शाबूत राहिलं. बाबा आज असते तर... जाऊ दे.

मघाशी खूप रडले. आता शांत आहे. घाबरते मी, हे एकदा स्वतःशी कबूल केलं की तेवढं भयंकर वाटत नाही.

आईला ते पान दाखवलं. तिने चष्मा लावून चौकट वाचली, डागावरून बोट फिरवलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हो."

ती काही बोलली नाही. सुतळी माझ्या हातात दिली आणि गठ्ठ्यावर गुडघा दाबून धरला, मला गाठ मारता यावी म्हणून.