पाच दिवस, नो ग्रोथ

"लस घेतली होती ना ह्यांनी? मग न्यूमोनिया झालाच कसा?"

वॉर्डाबाहेरच्या बाकावर आईने हे विचारलं तेव्हा तिला उत्तर नको होतं, आरोपी हवा होता. आणि तो शेजारीच बसला होता. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मागे लागून न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूच्या १३ प्रकारांवरची लस मीच द्यायला लावली होती. बाबांचं वय ७४. "तू म्हणतेस म्हणून घेतो," असं म्हणून त्यांनी बाही वर केली होती.

माझी नोकरी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमधली. हा जंतू मला चेहऱ्याने ओळखीचा आहे. ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या जेलीच्या प्लेटवर, बारीक वसाहती, भोवती हिरवट कडा, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या मधोमध खळगा, सोंगटीसारखा. जंतू स्वतःच स्वतःला विरघळवतो, त्याचा तो खळगा. शेजारी ऑप्टोचिनची, म्हणजे या जंतूला न सोसणाऱ्या औषधाची, चकती ठेवली की तिच्याभोवती स्वच्छ गोल पडतो. इतका ओळखीचा जंतू, आणि बाबांच्या बाबतीत त्याचं तोंडही दिसलं नाही.

झालं असं, की ताप आणि धाप बघून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि रक्त कल्चरला, म्हणजे बाटलीत जंतू वाढवून बघायला, नंतर घेतलं. तोवर औषधाने जंतू मेले की बाटलीत काही वाढत नाही. मी चिडले, पण मनातल्या मनात. माणूस धापा टाकत असताना बाटलीसाठी थांबा असं कोण म्हणणार? बाटलीचा रिपोर्ट ठरलेला आला: पाच दिवस, नो ग्रोथ, काहीच उगवलं नाही. लघवीतली अँटिजेन टेस्ट, म्हणजे जंतूचे अंश शोधणारी, मात्र पॉझिटिव्ह. म्हणजे गुन्हेगार न्यूमोकोकसच. पण त्याचे १००हून जास्त प्रकार आहेत आणि ही साधी टेस्ट प्रकार सांगत नाही. त्यामुळे लस हरली, की लसीत नसलेलाच कुणी आला, हे बाबांच्या बाबतीत आता कधीच कळणार नाही.

आईला मी आधी हिशेब सांगून बघितला. समज, हजार माणसं आहेत. नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी नाही. न घेतलेल्यांत शंभरात १० आजारी पडतात, घेतलेल्यांत शंभरात फक्त २. म्हणजे लस चांगलीच चालली. तरी वॉर्डात माणसं किती? बिनलसीची १० आणि लसवाली १८. वॉर्डात उभं राहून बघणाऱ्याला वाटणार, लसवालेच जास्त आजारी पडतात. सगळ्यांनीच लस घेतली तर प्रत्येक पेशंट लस घेतलेलाच असणार. आई म्हणाली, "मला हजार माणसं नको सांगूस." बरोबर होतं तिचं.

प्रकारांची गोष्ट मात्र तिने ऐकून घेतली. जंतूभोवती साखरेचं कवच असतं, आणि लस शरीराला तेच कवच ओळखायला शिकवते. कवच बदललं की ओळख संपली. २००० साली अमेरिकेत लहान मुलांना ७ प्रकारांची लस सुरू झाली. ते सात प्रकार मुलांत जवळजवळ दिसेनासे झाले आणि मजा म्हणजे लस न घेतलेल्या आजीआजोबांतही कमी झाले, कारण नातवंडांच्या नाकातूनच ते त्यांच्यापर्यंत पोचत होते. मग रिकाम्या झालेल्या नाकांत १९ए नावाचा प्रकार पसरला. २०१०च्या १३ प्रकारांच्या लसीत त्यालाही घेतलं. तोवर पुढचे रांगेत होतेच. इंग्लंडमध्ये ८ आणि १२एफ वर आले आणि म्हाताऱ्या माणसांतला बराचसा फायदा त्यांनी खाऊन टाकला. मुलांतला फायदा मात्र टिकून आहे. आता २० आणि २१ प्रकारांच्या लसी आल्या आहेत.

आणि एक नंबर ३. हा लसीत असूनही हटत नाही. प्लेटवर त्याच्या वसाहती ओल्या, टपोऱ्या, पाण्याच्या थेंबांसारख्या दिसतात. त्याचं कवच जाड, आणि अंगाला घट्ट चिकटलेलं नसतं. तो ते सांडत सुटतो. लसीने तयार झालेल्या अँटिबॉडी त्या सांडलेल्या कवचालाच चिकटून खर्ची पडतात आणि हा बाजूने निसटतो. (कुणाला सांगू नका, पण सगळ्यांत देखणी प्लेट याचीच.)

लसीने काय मिळालं, तेही सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८५ हजार लोकांवर या १३ प्रकारांच्या लसीची चाचणी झाली. लसीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया जवळपास ४६ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याच प्रकारांचा रक्तात वगैरे शिरणारा आजार ७५ टक्क्यांनी. एकूण न्यूमोनियात मात्र फरक दिसला नाही, कारण न्यूमोनिया करणारे इतर कितीतरी आहेत. जगभरात पाच वर्षांखालच्या मुलांचे या जंतूने होणारे मृत्यू २००० ते २०१५ मध्ये निम्म्यावर आले. तरी २०१५ मध्ये ते तीन लाखांच्या आसपास होते.

मला खुपतं ते वेगळंच. न्यूमोकोकसचा ठळक आकडा म्हणून जो पुढे येतो, तो बहुतेकदा रक्तात किंवा पाठीच्या पाण्यात जंतू सापडलेल्या पेशंटांचा असतो. छातीतला साधा न्यूमोनिया, मुलांचे फुटलेले कान, सायनस, इंजेक्शननंतर घेतलेली बाटली, हे सगळं त्या आकड्याच्या बाहेर. मीही लॅबमध्ये वर्षानुवर्षं "नो ग्रोथ" लिहून सही केली आहे, आणि त्या ओळीमागे कुणाचे बाबा आहेत का, हे एकदाही मनात आलं नाही.

बाबा नवव्या दिवशी घरी आले. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "न्यूमोनिया" लिहिलंय. दोन महिने होऊन गेलेत. जिना चढताना ते अजून मधल्या वळणावर थांबतात. विचारलं तर वाकून चपलेचा पट्टा नीट करतात, तो सुटलेला नसतो तरी.